मदत हवी आहे: कोपनहेगनमधलं डिस्ट्रिक्ट हीटिंग आणि जास्तीचं बिल

नमस्कार मंडळी. इथे घर उबदार ठेवायला घरात स्वतंत्र बॉयलर नाही. कचरा जाळून वीज करणाऱ्या आमायर बाकेसारख्या प्रकल्पांतलं (हो, तोच, छतावर स्कीइंगचा उतार असलेला!) गरम पाणी नळांतून शहरभर फिरतं, त्याची उष्णता आमच्या रेडिएटरला (खोली उबदार करणाऱ्या, आत गरम पाणी फिरणाऱ्या पट्ट्याला) मिळते. कल्पना झकास, पण बिलात जादा आकार लागलाय: म्हणे आमच्याकडून परतणारं पाणी पुरेसं थंड होत नाही.

आम्ही काटकसर म्हणून हॉलमधला एकच रेडिएटर पूर्ण सोडतो, बाकीचे बंद. तो वरपासून खालपर्यंत चटका बसेल इतका तापतो. शेजारच्या आजी म्हणतात, सगळे थोडे थोडे चालू ठेवा, खालचा भाग गारच लागला पाहिजे.

हे खरं का? की थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच (खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणारी झडप) बिघडलाय? भाड्याच्या घरात तो बदलायचा खर्च कोणाचा?