मदत हवी आहे : प्रवासाचं गाइडबुक घ्यावं की नाही?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. दिवाळीनंतर आई-बाबा पहिल्यांदाच दोघंच हंपीला जाणार आहेत. आजवर टूरवाल्यांच्या बसमागे फिरलेले, त्यामुळे बाबांना हातात छापील पुस्तकच हवंय. मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही (आणि चार्जरवर माझा नाही!).

माझी शंका अशी. घरात एक 2012 सालचं गाइडबुक आहे. त्यात वणीच्या गडावर सुमारे पाचशे पायऱ्या चढाव्या लागतात एवढंच आहे. 2018 पासून सुरू झालेली ट्रॉली त्यात कुठून असणार? हंपीचंही तेच. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीत राहा म्हणतंय, पण तिथली गेस्ट हाउसं 2020 मध्येच पाडली.

दुसरीकडे, नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे, ही गोष्ट नवख्याला पुस्तकच सांगतं. तसंच हंपीला रेल्वे स्टेशन नाही, होसपेटला उतरून पुढे तेरा-एक किलोमीटर जायचं, हे मलाही पुस्तकातूनच कळलं.

नवीन आवृत्ती घेण्यात अर्थ आहे का? की नकाशा आणि मंदिरांची माहिती पुस्तकातून, राहण्या-जेवणाचं फोनवर विचारून, असं करू? जे वर्षानुवर्षं फिरतायत, ते अजून पुस्तक बाळगतात का? आणि मराठीत हंपीवर ज्येष्ठांना वाचता येईल अशा मोठ्या टायपातलं काही मिळतं का? आईचा चष्मा नेमका प्रवासातच हरवतो.