कमोड तुंबलाय, चवथीच्या आधी काय करता येईल?

फोंडेकर_घर:
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या गावात घर आहे, जुनं, तळमजल्याचंच. चार-पाच दिवस झाले कमोडमध्ये फ्लश केला की पाणी काठापर्यंत चढतं आणि मग सावकाश उतरतं, आणि त्याच वेळी बाजूच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. रबरी पंप मारून झाला, फरक शून्य. शेजारी म्हणतात अ‍ॅसिड ओत. चवथीला पुण्याहून नणंद, तिची पोरं, सगळे येणार, आणि प्लंबर म्हणतो चवथीनंतर बघू 😑

डिचोलीचा_बाबू:
ताई, अ‍ॅसिडच्या भानगडीत पडू नका. सेप्टिक टँक असेल तर मैला कुजवणारे जिवाणू त्यात मरतात, आणि आधी कोणी ब्लीचिंग टाकलेलं असेल आणि त्यावर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेततं. उकळतं पाणी पण नको, कमोडचं भांडं तडकतं. अंघोळीला घेतो तेवढं गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण, एवढंच, आणि तेही अडलेलं कमोडच्याच वाकात असेल तरच उपयोगाचं. तुमच्याकडे न्हाणी पण गुडगुडते म्हणजे अडलंय पुढे कुठेतरी.

साळगावकर७१:
बरोबर. पंप मारत बसण्यापेक्षा बाहेर जाऊन चेंबरचं झाकण काढा. पहार लावून एक कड उचलायची, जरा मागे सरायचं कारण आधी झुरळं बाहेर येतात (आमच्याकडे तर पायावरून गेली, बायको अंगणात नाचत होती). चेंबर कोरडा आणि कमोड भरलेला, तर अडकलंय त्या दोघांच्या मध्ये. चेंबरच भरलेला असेल तर पुढे, टँककडे. घरात कोणी वेट वाइप्स किंवा पॅड टाकतं का तेही विचारा, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी ते विरघळत नाहीत.

पेडण्याची_माई:
आणि पावसाळा आहे हे धरा गो. आमच्या इथे शेताच्या कडेला घर, जुलै-ऑगस्टात जमिनीतलं पाणी इतकं वर असतं की सोकपिट (टँकमधलं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) पाणी शोषतच नाही, उलट बाहेरचं पाणी आत येतं. टँकर बोलावून उपसलं तर आठवडाभर बरं चालतं आणि परत तेच, पैसे मात्र जातात. टँक फायबरचा असेल तर भर पावसात पूर्ण रिकामा करू नका, खालचं पाणी त्याला वर उचलतं. पणजी-मडगावात सिवरेज लाइन आहे त्यांना या कटकटी कळायच्या नाहीत.

फोंडेकर_घर:
झाकण काढलं!! चेंबर काठोकाठ. मिस्टरांनी टँकचंही झाकण सरकवलं पण तिथे पाण्याची पातळी येणाऱ्या पाइपच्या बरीच खाली दिसते. मग टँक भरलेला नाही असंच ना?

साळगावकर७१:
म्हणजे चेंबर आणि टँकच्या मधला पाइप धरलाय, टँकरची गरज नाही. त्या पट्ट्यात माड आहे का? जुन्या घरांत चिनीमातीचे पाइप असतात, सांध्यात मुळं शिरतात आणि आत झाडूसारखा झुपका होतो, त्यावर सगळं अडतं. प्लंबरला सांगा स्प्रिंग (पाइपात फिरवत घालायची लांब तार) घेऊन ये, पंप नको. आणि टँकवर ओणवं होऊन बघू नका, आत उतरायचं तर नावच काढू नका कोणी, गडी माणसालाही उतरवू नका. विषारी गॅसने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि काढायला गेलेला दुसरा पण जातो.

फोंडेकर_घर:
माड आहे, बरोब्बर पाइपावर! सासऱ्यांनी लावलेला, तोडू देणार नाहीत 😅 प्लंबर उद्या सकाळी येतो म्हणाला, स्प्रिंगचं नाव काढल्यावर एकदम तयार झाला. पाइप बदलायचा तर आत्ता की नंतर?

डिचोलीचा_बाबू:
आत्ता मुळं कापून घ्या, चवथ निघेल. पण ती परत वाढणार, तेव्हा पाऊस गेल्यावर दिवाळीच्या सुमारास माती सुकली की चार इंची पीव्हीसी टाका, सांधे सोल्यूशनने नीट चिकटवून, आणि जमलं तर माडापासून वळवून. उतार चार फुटाला साधारण एक इंच. गवंडी म्हणेल जास्त उतार दिला तर बरं, ऐकू नका, पाणी पुढे पळतं आणि घाण मागे बसते. आणि हो, वळणावर एक चेंबर जास्तीचा बांधून घ्या.