सॅनिटीला ‘भान’ म्हणावं का? आणि ब्रह्मांडभयाचे आणखी काही शब्द

बोरू:
‘कॉल ऑफ क्थुलू’ हा लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या भयकथांवर बेतलेला, पात्रं घेऊन बोलत-फासे टाकत खेळायचा खेळ. त्याच्या सातव्या आवृत्तीचे नियम घेऊन एक साहस, म्हणजे खेळायची कथा, मराठीत लिहून काढतोय. काळ सप्टेंबर १८९६ ते फेब्रुवारी १८९७, जागा मुंबई, मुख्यतः मांडवी आणि बंदराचा भाग. पात्रं: डॉक्टर, छापखान्यात खिळे जुळवणारा, गोदीतला कारकून, मिशनच्या शाळेतली शिक्षिका. नियमांचं पुस्तक इंग्रजीत राहिलं तरी चालेल, पण खेळताना तोंडी येणारे शब्द मराठी हवेत. अडलेत ते हे: सॅनिटी (पात्राचं मन किती ठिकाणावर आहे त्याचा आकडा), कॉस्मिक हॉरर (विश्वापुढे माणूस क्षुद्र असल्याची भीती), कल्ट (गुप्त उपासकांचा गट), किपर (खेळ चालवणारा), पुश्ड रोल (फसलेला फासा अटीवर पुन्हा टाकणं). सॅनिटीला सध्या ‘विवेक’ लिहिलंय. वाचताना खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

दहापैलू:
खटकायलाच हवं. शब्द ठरवण्याआधी नियम काय करतो ते पाहा.

पात्राचं मनोबल ३ सहापैलू फाशांची बेरीज गुणिले ५, म्हणजे साधारण ५०-५५. सुरुवातीची सॅनिटी तेवढीच. भयंकर काही दिसलं की शंभरी फासे टाकायचे, म्हणजे १ ते १०० मधला आकडा देणारे. आकडा शिल्लक सॅनिटीइतका किंवा कमी आला तर तिरक्या रेघेच्या डावीकडचं नुकसान, जास्त आला तर उजवीकडचं. अवचित प्रेत दिसलं तर ०/१फ३. (फ म्हणजे फासा. एका सहापैलू फाशाला इंग्रजीत ‘१डी६’ म्हणतात, ते देवनागरीत वाचवत नाही, म्हणून मी १फ६ लिहितो.) खुद्द क्थुलू, म्हणजे या कथांतलं अवाढव्य अगम्य दैवत, दिसला तर १फ१०/१फ१००. एका फटक्यात ५ किंवा जास्त गेले तर बुद्धीचा फासा टाकायचा, आणि इथे गंमत आहे: बुद्धीचा फासा *जमला* तर तात्पुरतं वेड लागतं. चुकला तर मन ते दृश्य दडपून टाकतं आणि माणूस वाचतो.

म्हणजे या खेळात समजणं हाच अपघात आहे. आता ‘विवेक’ घालून पाहा. समज आली की मराठीत विवेक वाढतो, इथे घटायला हवा. शिवाय ‘विवेक शून्यावर आला’ म्हटलं की खेळणाऱ्याला वाटतं आपलं पात्र दुष्ट झालं, आणि तो पुढच्याच प्रसंगात कुणाच्या तरी पोटात सुरा खुपसतो. सॅनिटी शून्य झाली म्हणून माणूस खुनी होत नाही. तो खेळणाऱ्याच्या हातून किपरच्या हाती जातो, इतकंच.

तिसरी घंटा:
माझं मत ‘भान’. भान राखणं, भान सुटणं, भान हरपणं, भानावर येणं: चारही क्रियापदं नियमात जशीच्या तशी बसतात. तात्पुरतं वेड उतरलं की ‘भानावर आला’, वेगळा शब्द शोधायला नको. ‘शुद्ध’ चालणार नाही, कारण शुद्ध हरपणं म्हणजे बेशुद्ध पडणं आणि ते जखमांच्या नियमात लागतं. ‘मनःस्वास्थ्य’ला दवाखान्याचा वास येतो.

पारायणी:
भान हरपणं मराठीत चांगलंही असतं की. कीर्तनात भान हरपतं, गाण्यात हरपतं, देहभान विसरणं ही तर स्तुती. भीतीच्या खेळात हा शब्द बोथट होईल.

तिसरी घंटा:
उलट त्यामुळेच तो हवा. या खेळातले उपासक दुःखी नसतात, तल्लीन असतात. अन्वेषकाचं, म्हणजे तपास करणाऱ्या आपल्या पात्राचं, भान भीतीने जातं आणि त्यांचं आनंदाने गेलेलं असतं, पण घसरण एकच. इंग्रजी शब्दात ही सोय नाही. फक्त व्याकरण सांभाळा: ‘तीन भान गेलं’ कानाला बरं नाही, ‘भानातून तीन वजा’ म्हणा.

दहापैलू:
एक पुरवणी. ‘ट्रेल ऑफ क्थुलू’ नावाचा दुसरा खेळ आहे (२००८), त्यात दोन वेगळी मापं आहेत: स्टॅबिलिटी आणि सॅनिटी. स्टॅबिलिटी म्हणजे घाबरूनही हातपाय चालणं, ती भरून येते. सॅनिटी म्हणजे जग ओळखीचं आहे हा भरवसा, तो गेला की सहसा गेला. पहिलीला ‘धीर’, दुसरीला ‘भान’. धीर सुटतो आणि पुन्हा धरवतोही. या जोडीमुळे भान नेमकं कशाचं हेही पक्कं होतं.

आणि एका दिवसात भानाचा पाचवा हिस्सा गेला (५५ असेल तर ११) तर लागणाऱ्या दीर्घ वेडाला ‘भ्रमिष्टपणा’ म्हणा. त्यातल्या काही क्षणांच्या उद्रेकाला ‘झटका’. ‘पागल’ नको, तो हिंदी सिनेमातून आलाय.

बोरू:
भान पटलं. कॉस्मिक हॉररला ‘वैश्विक भय’ लिहावं का?

पारायणी:
नको. वर्तमानपत्रांनी ‘वैश्विक’ला ‘जागतिक’चा भाऊ करून टाकलंय. ‘वैश्विक भय’ वाचलं की मंदी किंवा साथ आठवते. ‘विराट’ म्हटलं तर क्रिकेट.

आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: ब्रह्मांड आठवणं. फार मोठ्या संकटात माणूस पार हबकून गेला की ‘त्याला ब्रह्मांड आठवलं’. भीतीचं माप म्हणून थेट ब्रह्मांडच घेतलेलं दुसरं काही मला तरी माहीत नाही. म्हणून ‘ब्रह्मांडभय’. किपरने प्रसंगात मात्र नाम वापरू नये, वाक्प्रचारच वापरावा.

आता कुणीतरी विश्वरूपदर्शन काढेलच, म्हणून आधीच सांगते. अर्जुनालाही दिशा कळेनाशा होतात, तो थरथरतो. पण समोरचा त्याला ओळखतो, त्याच्याशी बोलतो, शेवटी सौम्य रूपात परत येतो. ब्रह्मांडभयात समोरच्याला तुम्ही आहात हेच माहीत नसतं. भयानक आणि अद्भुत हे दोन्ही रस तिथेही आहेत आणि इथेही, फक्त इथे आश्वासन नाही. साहसात कुठलंही दैवत ‘प्रकट’ व्हायला लागलं, बोलायला लागलं, की तुम्ही पुराणाच्या वाटेला लागलात असं समजा.

कंदील:
त्याच कारणासाठी भूत, हडळ, मुंजा, वेताळ, गिऱ्हा हे शब्द किपरच्या तोंडी येऊ देऊ नका. मराठी भूत फार नियमशीर असतं. कुठल्या झाडावर राहतं, कुणाला धरतं, काय मागतं आणि काय दिलं की सोडतं, सगळं ठरलेलं. ‘हडळ’ उच्चारलं की खेळणारे लगेच पाय उलटे आहेत का बघतात, मग मांत्रिक, अंगारा, उतारा. तपास तिथेच संपतो, कारण उपाय सापडला. गावकऱ्यांच्या तोंडी हे शब्द जरूर घाला, चुकीचा अंदाज म्हणून. किपरच्या वर्णनात नकोत.

अपवाद एकच: चकवा. चकव्याला रूप नाही, हेतू नाही. माणूस ओळखीच्या वाटेवर फिरत राहतो आणि पुन्हा तिथेच येतो, बस. भूमिती बिघडलेल्या जागेसाठी याहून चांगला शब्द मिळणार नाही. चाळीचा जिना चढताना ४२ पायऱ्या, उतरताना ४५. वाट काढण्याचा फासा टाकताना दशकाचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. भानाचं नुकसान पहिल्यांदा मोजताना नाही, दुसऱ्यांदा मोजून खात्री केली की: ०/१फ४. जाता जाता: १८९६मध्ये ‘बीआयटी चाळ’ लिहू नका, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच १८९८चा.

तिसरी घंटा:
किपरला ‘सूत्रधार’ म्हणायची पद्धत पडतेय. नाटकातला सूत्रधार नांदी-प्रस्तावना उरकून आत जातो, हा मात्र शेवटपर्यंत बसलेला. ‘राखणदार’ शब्दशः जवळचा, पण कोकण-गोव्यात राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा, आणि किपर काही तुमची राखण करत नाही. मी ‘किपर’च ठेवीन. यष्टिरक्षकाशी घोटाळा होईल इतके स्टंप आजूबाजूला नसतात.

दहापैलू:
मान्य. पुश्ड रोलला ‘रेटा’. ‘पुन्हा टाकणं’ म्हटलं की लोकांना वाटतं फुकटची दुसरी संधी. रेट्याला अटी आहेत: खेळणाऱ्याने नवीन काय करतो ते सांगायचं (कुलूप उघडेना, तर पहार घालतो), किपरने फसलं तर काय होईल याची चाहूल द्यायची, आणि फसलं तर पहिल्यापेक्षा वाईट घडायलाच हवं. भान, नशीब आणि मारामारीच्या फाशांना रेटा नाही. नवे किपर दोन जागी चुकतात: परिणाम आधी ठरवत नाहीत, आणि मुख्य पुरावाच फाशामागे लपवतात. फासा पडला नाही की अख्खी बैठक अडते. पुरावा सापडू द्या, फाशाने फक्त किंमत ठरवा: किती वेळ गेला, कुणी पाहिलं.

फाशावर आलेल्या आकड्याला ‘दान’ हा जुना शब्द आहेच. ‘काय दान पडलं?’ म्हणा, ‘किती रोल झाला?’ नको.

पारायणी:
कल्टला ‘पंथ’ अजिबात नको. नाथपंथ, महानुभाव पंथ आहेत, संप्रदाय वारकऱ्यांचा. हे जिवंत, आदराचे शब्द आहेत. लव्हक्राफ्टच्या कथांत वाईट उपासक बरेचदा परके, सावळे, गरीब असतात. तो पूर्वग्रह मराठीत आणताना ‘पंथ’ वापरला तर तो नेमका आपल्याच लोकांवर बसतो. ‘मंडळी’ म्हणा. ‘ती मंडळी’. साधा शब्द, आणि नुसतं ‘ती’ जोडलं की थंड होतो. मुंबईत ही मंडळी गिरगावातलीच असावीत असंही नाही. कापसाच्या व्यापारातले गोरे साहेब असू देत.

ग्रंथाच्या बाबतीत नियम दोन वाचनं सांगतो: पहिलं वरवरचं आणि पुढचं आठवडेच्या आठवडे चालणारं. त्यांना ‘चाळणं’ आणि ‘पारायण’ म्हणा. क्थुलू मिथोसचं, म्हणजे या कथांतल्या अगम्य शक्तींविषयीचं, ज्ञान वाढलं की भानाची कमाल मर्यादा तेवढीच उतरते: ९९ वजा ज्ञान. ‘मिथोस’ला ‘पुराण’ नको, मराठीत पुराण ‘लावतात’ आणि लोक जांभया देतात. दप्तरातले कागद असतील तर ‘फाइल’ नाही, ‘रुमाल’. जुने कागद कापडात बांधून ठेवत त्याला रुमालच म्हणत. गाठ सोडण्यात जी भीती आहे ती फाइल उघडण्यात नाही.

कंदील:
आता काळाचे शब्द, कारण ऐतिहासिक साहस बहुधा इथेच फसतं.

‘प्लेग’ हा शब्द सप्टेंबर १८९६च्या आधीच्या पत्रात घालू नका. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी निदान केलं ते त्या महिन्यात. त्याआधी ‘गाठीचा ताप’. पुढे छापील मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ही आढळतो, तो शिकलेल्या पात्राला द्या. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली १० जानेवारी १८९७ला, साथरोगांचा कायदा आला ४ फेब्रुवारीला. तुमच्या कथेचा काळ या दोन्ही तारखांना शिवतो. मात्र प्लेगच एखाद्या अगम्य शक्तीने आणला असं करू नका. ती माणसं खरी मेली आहेत. साथ पार्श्वभूमीला राहू द्या: रिकामी घरं, बंद दारं, गाव सोडून निघालेली गर्दी. लपायला कुठल्याही ‘त्या मंडळीं’ना एवढं पुरे.

प्रेतं जागोजागी असताना दर वेळी भानाचा फासा टाकला तर पात्रं दुसऱ्या बैठकीत संपतात. राक्षसांसाठी सवयीचा नियम आहे: एका जातीच्या राक्षसामुळे त्याच्या कमाल नुकसानापेक्षा जास्त जात नाही. तोच इथे लावा. प्लेगच्या प्रेतांनी मिळून ३ गेले की पुढे माफ.

‘ठाण्याला पाठवा’ हा वेड्यांच्या इस्पितळाचा वाक्प्रचार १८९६ला चालणार नाही, ठाण्याचं इस्पितळ १९०१चं. नियमांतलं ‘मनोविश्लेषण’ हे पात्राचं कौशल्यही नावासकट काढा. मूळ युरोपीय शब्द १८९६मध्येच पहिल्यांदा छापला गेला. मांडवीपर्यंत पोचायला वेळ आहे. त्याजागी ‘आधार देणं’ ठेवा, फायदा तोच.

‘गॅसलाइट’ काळ म्हणताना जपून: त्याच शब्दावरून आपल्याकडे ‘घासलेट’ झालं म्हणतात, आणि अर्थ रॉकेल. रस्त्यावरचा तो ‘ग्यासचा दिवा’, घरातला घासलेटचा.

आणि घड्याळ. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर, ५ तास २१. म्हणजे वेळापत्रकातली रात्री ९ची गाडी शहराच्या घड्याळात साडेआठलाच सुटते. साक्षीदार ‘नऊला बोरीबंदरवर होतो’ म्हणाला तर पहिला प्रश्न: कुठल्या नऊला? फासा न टाकता सुटणारं कोडं फुकट मिळतंय, सोडू नका.

बोरू:
पत्र मोडीत द्यायचा विचार आहे. जमेल का?

पारायणी:
पूर्ण पत्र मोडीत नको, तीन-चार ओळी द्या आणि खाली बालबोध. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ, मग शब्द न तोडता सलग लिहीत जायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो. ‘नकादार उघडा’ हे ‘न का दार उघडा’ की ‘नका दार उघडा’? मोडीचा फासा चुकला तर ‘वाचता आलं नाही’ म्हणू नका, चुकीची फोड हातात द्या. खेळ तिथे वर जातो.

कागद चहात बुडवायची हौस आवरा. पत्र कथेत तीन दिवसांपूर्वीचं असेल तर ते कोरंच दिसायला हवं. पिवळं पत्र दिलंत तर खेळणारे शंभर वर्षं जुनं समजून तपास भलतीकडे नेतात. रुमालातला कागद असेल तर घड्यांवर झिजवा, कडा जाळू नका.

बोरू:
फेब्रुवारीच्या पत्रावर मिती टाकतोय. १८९७ म्हणजे शके १८१९ ना?

कंदील:
नाही, पाडव्याआधी १८१८च. आणि संवत्सराचं नावही घाला, त्या सालचं ‘दुर्मुख’ आहे. खेळणाऱ्यांना वाटेल तुम्ही मुद्दाम रचलंत. पंचांग दाखवा.