जुनी टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर: पावसाळाभर उभी होती, आता सुरू होत नाही

घाटवाट:
२००३ ची ट्रॅव्हलर आहे, मागे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतलेली. इंजिन जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाचं. जून ते सप्टेंबर चिपळूणला उघड्यावर उभी होती. आता चावी फिरवली की कधी नुसतं ‘टक्’ होतं, तर कधी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतो पण दमल्यासारखा, आणि इंजिन पकडत नाही. बॅटरी गेल्या वर्षीची, चार्ज केल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. मागच्या दिव्यांसाठी १०० एएचची (अँपिअर-अवर) दुसरी बॅटरी रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) पुढच्या बॅटरीला जोडली आहे. मेकॅनिक म्हणतो सेल्फ बदला. बदलू का?

तारतंत्र:
आत्ताच सेल्फला हात लावू नका. १२.६ हा आकडा गाडी शांत उभी असतानाचा आहे, त्यावरून काहीच ठरत नाही. मोजायचं ते सेल्फ मारताना.

आधी मागच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. रिले चिकटून बसला असेल तर रिकामी झालेली मागची बॅटरी पुढचीला ओढत राहते. चार महिन्यांत तसं व्हायला वेळ लागत नाही: ५० मिलिअँपिअरची गळतीसुद्धा दिवसाला १.२ एएच खाते.

मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरने तीन मापं घ्या. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यातला बिघाड मापात येतच नाही.
– दोन्ही खांबांमध्ये: ९.६ व्होल्टच्या खाली उतरलं तर बॅटरीवर संशय.
– पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.५ पर्यंत चालेल.
– निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक: ०.२-०.३ पेक्षा जास्त नको.

डिझेलचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. वाटेत ०.०१ ओहम इतका जरी अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच जातात. कॅम्पर करताना अर्थिंगच्या जागी (निगेटिव्ह वायर चेसिसला जोडतात तिथे) रंग किंवा अंडरकोट मारलेला असतो, म्हणून मला पहिला संशय तिथलाच.

नोझल१७:
वरचं बरोबर आहे. सोबत सेल्फ मारताना सायलेन्सरकडेही एकाला उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे हिटर प्लग (सुरू होताना इंजिनात उष्णता देणारे) बघायचे. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही.

एक विनंती: ईथरचा स्प्रे मारू नका. या इंजिनात हिटर प्लग तापलेले असतात. स्प्रे वेळेआधी पेटला तर पिस्टन फुटू शकतो.

घाटवाट:
मागची बॅटरी सोडवून मोजलं. बॅटरीवर १०.८, पॉझिटिव्ह बाजूला ०.३, निगेटिव्ह खांब ते ब्लॉक १.९! जंपर केबल निगेटिव्ह खांबावरून थेट ब्लॉकला लावली तर सेल्फ जोरात फिरला. पण इंजिन पकडत नाही, आणि धूर अजिबात नाही.

तारतंत्र:
म्हणजे सेल्फला जेमतेम ८.६ व्होल्ट मिळत होते. सेल्फ चांगला आहे. ब्लॉक ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी, दोन्ही अर्थ पट्ट्या काढा. पट्टी वरून ठीक दिसते, पण लगजवळचं (लग म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी) काळं आवरण मागे सारलं की तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या सापडतात. ५० वर्ग मिमीची नवी केबल, लग दाबून बसवलेले. चेसिसवरची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. आधी लावाल तर पुन्हा तेच दुखणं.

नोझल१७:
आता डिझेल. पंपावरचा स्टॉप लिव्हर (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा) हाताने हलवून बघा. उभ्या गाडीची केबल गंजून लिव्हर ‘बंद’ बाजूलाच अडकतो, आणि मग बाकी सगळं ठीक असूनही पंप थेंब देत नाही.

तो मोकळा असेल तर लाईनने एअर घेतली आहे. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. चार महिन्यांच्या दमट हवेत ते साठतंच. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर पंपावरच्या स्क्रूची हीच कृती.

शेवटी दोन नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणारे) पाइप-नट १७ च्या पान्याने अर्धा आटा सैल करा, सेल्फ मारा, डिझेल पाझरलं की आवळा. चेहरा आणि हात लांब ठेवा. कॉमन रेल (खूप जास्त दाबाच्या डिझेल लाईनच्या) इंजिनावर हे कधीच करायचं नाही. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये दोन मिनिटं थांबा.

गाडी सुरू झाली आणि रात्रभर उभी राहून सकाळी पुन्हा तेच झालं, तर टाकी ते फीड पंप हा भाग तपासा. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे फट असली तरी डिझेल गळत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे दिसतील. बॅन्जो बोल्टचे (डिझेल ज्यातून जातं त्या पोकळ बोल्टचे) कॉपर वायसर नवेच घाला, आणि रबरी नळी क्लिपजवळ वाकवून बघा, चिरा तिथेच असतात.