मदत हवी आहे : जुन्या विंडो एसीपासून संगणकासाठी वॉटर चिलर, टाकी मोठी घ्यावी की लहान?

नमस्कार मंडळी,

इथे रेफ्रिजरेशनमधले जाणकार आहेत आणि स्वतः संगणक जोडणारेही आहेत, म्हणून हा धागा. थोडा लांबला आहे, पण माहिती अर्धवट दिली की "खोलीला एसी लावा" एवढ्यावरच चर्चा संपते. खोलीला एसी आहेच.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. वास्तुविशारदांसाठी थ्रीडी रेंडर करून देणं हा माझा व्यवसाय. मशीन रायझन ९ ७९५०एक्सचं. हा प्रोसेसर १७० वॅटचा म्हणून विकला जातो, पण सगळे सोळा कोअर कामाला लागले की २३० वॅटपर्यंत ओढतो आणि ९५ अंशांना पोचला की स्वतःच वेग आवरता घेतो. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडची. मे महिन्यात बाहेर ४१-४२ अंश असताना स्प्लिट एसी खोली कशीबशी तिशीच्या आत ठेवतो. रेडिएटर कितीही मोठा लावला तरी प्रोसेसरवरून फिरणारं पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि मला नेमकं तेच हवं आहे. भर उन्हाळ्यात, पूर्ण भारावर, लूपमधलं (म्हणजे त्या फिरत्या वाटेतलं) पाणी १५-१६ अंशांवर.

गच्चीवरच्या खोलीत दीड टनी जुना विंडो एसी पडून आहे. कॉम्प्रेसर उत्तम चालतो, गॅस आर-२२, पत्र्यावरच्या प्लेटवर ८५० ग्रॅम लिहिलेला. ही कल्पना काही नवी नाही. २०१८च्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला, तेव्हा टेबलाखाली एक अश्वशक्तीचा वॉटर चिलर होता. त्याच्याही आधी डेन्मार्कच्या असेटेकचं व्हेपोचिल येऊन गेलं. त्यात कॉम्प्रेसर संगणकाच्या डब्यातच बसवलेला असे आणि गॅस थेट प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात उकळत असे.

माझी भाची इंजिनीअरिंगला आहे आणि या कामात माझ्या बरोबरीने आहे. तिला व्हेपोचिलच्याच वाटेने जायचं होतं, म्हणजे उणे तीस-चाळीस अंश. त्यासाठी नळ्या कापून कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी) लांब करावी लागते. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब पार खाली येतो. या जातीचा कॉम्प्रेसर परत येणाऱ्या गार गॅसवरच थंड राहतो, त्यामुळे गॅस कमी फिरला की तो तापत जातो. वर इथला मे महिना. कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी) ५५ अंशांवर गेला की डिस्चार्जच्या बाजूला तीनशे पीएसआयच्या आसपास दाब असतो. चोवीस तास रेंडर चालणाऱ्या मशीनसाठी हे मला पटत नाही.

नळ्या न कापण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराणी रोडवरून एका मेकॅनिकला घरी बोलावलं होतं. ते म्हणाले, "भाईसाहब, गैस उड़ा देते हैं, बाद में नई भर देंगे." आर-२२ ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली बंद होत चाललेला गॅस आहे, आणि वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट. ८५० ग्रॅम म्हणजे दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. ते मी होऊ देणार नाही. त्याऐवजी आर-२९० भरा असंही सुचवलं गेलं. तो शुद्ध प्रोपेन, आणि घरात ठिणगी पाडणारे रिले आहेत.

म्हणून बेत असा: गॅसच्या सर्किटला हात लावायचा नाही. विंडो एसीत सगळं एकाच चेसिसवर असल्याने पुढचा इव्हॅपोरेटर (गार होणारी जाळी) सोडवून, सक्शनची नळी आणि कॅपिलरी सावकाश वळवून, तो तसाच पाण्याच्या इन्सुलेटेड पेटीत उभा बुडवायचा. केटररकडे असतो तसा आइसबॉक्स, तीच टाकी; तिचं पाणी संगणकात फिरेल. पुढचा ब्लोअर काढायचा. मोटर दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली असल्याने मागचा पंखा कंडेन्सरसाठी चालूच राहील.

आता माझी खरी अडचण.

दीड टन म्हणजे कागदावर ५.२७ किलोवॅट. जुनं मशीन आणि बाहेरचं ऊन धरून चार समजू. माझा भार प्रोसेसर, पंप आणि पेटीतून आत झिरपणारी उष्णता मिळून तीनशे वॅट. म्हणजे पाणी कमी असलं तर कॉम्प्रेसर क्षणात ते गार करून बंद पडणार आणि लगेच पुन्हा सुरू होणार. असा सारखा चालू-बंद झाला तर तो फार दिवस टिकणार नाही. साठ लिटर पाणी घेतलं आणि १५ ते २० अंशांमध्ये खेळवलं, तर हिशेब छान बसतो: सहा मिनिटांच्या आत गार होतं, मग जवळजवळ सत्तर मिनिटं कॉम्प्रेसर बंद. कॉम्प्रेसर चालताना १.८ किलोवॅट वीज ओढत असूनही सरासरी दीडशे वॅटसुद्धा पडत नाहीत. म्हणजे टाकी जितकी मोठी तितकं चांगलं.

पण दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते) उलट सांगतो. आत्ता ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता आहे, तर दवबिंदू ८ अंशांच्या आसपास. १५ अंशांच्या पाण्याने नळीवर थेंबही धरणार नाही. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के झाले की दवबिंदू थेट २४. एसीच्या बंद खोलीत, २६ अंश आणि ५० टक्के धरले, तर तो १५ वर येतो, म्हणजे अगदी काठावर. त्यात कोणी दार उघडं ठेवलं किंवा वीज गेली की खोलीतली हवा दहा मिनिटांत दमट होईल, पण साठ लिटर पाणी १५ वरून २५ वर यायला याच भारावर सव्वादोन तास लागतील. तेवढा वेळ मदरबोर्डवर पाणी सुटत राहणार. कॉम्प्रेसरला वाचवणारी टाकीच बोर्डाच्या मुळावर येते.

यावर आम्हाला सुचलेला मार्ग असा: दोन वेगळे लूप. टाकीचं पाणी एका पंपाने ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (यात दोन पाणी न मिसळता उष्णता देतात-घेतात) एका बाजूने फिरेल, संगणकाचं जेमतेम दीड लिटर पाणी दुसऱ्या बाजूने. भाचीने ईएसपी३२ कंट्रोलर आणि तापमान-आर्द्रता मोजणाऱ्या एसएचटी३१ सेन्सरवर दवबिंदू काढणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. संगणकाचं पाणी दवबिंदूच्या वर तीन अंशांपर्यंत उतरलं की टाकीचा पंप बंद. दीड लिटर पाणी चार-पाच मिनिटांत दहा अंश वर येतं. टाकी आपली गारच राहते, एक्स्चेंजर बाहेर ट्रेवर ठेवला की घाम तिथे गळेल. शिवाय इव्हॅपोरेटरची तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ज्या पाण्यात बुडतात, ते पाणी वॉटर ब्लॉकपर्यंत, म्हणजे प्रोसेसरवरच्या ठोकळ्यापर्यंत, पोचतच नाही.

जाणकारांनी इथे मत द्यावं. टाकीचा पंप बंद असताना उष्णता कुठे जाणार? रेडिएटर लूपमध्ये कायम ठेवला तर एरवी तोच खोलीची उष्णता थंड पाण्यात आणेल. थ्री-वे व्हॉल्व्ह लावून गरजेपुरता रेडिएटर जोडावा, की रेडिएटर तसाच ठेवून फक्त त्याचे पंखे बंद केले तरी पुरे? कोणी प्रत्यक्ष केलं आहे का?

दुसरी शंका पहिल्या सुरुवातीची. नळाचं पाणी सध्या ३२-३३ अंशांचं आहे. इव्हॅपोरेटर हवेपेक्षा पाण्यातून कितीतरी जास्त उष्णता ओढतो, तेव्हा गरम पाण्यावर कॉम्प्रेसर चढ्या अँपिअरने चालून ओव्हरलोड ट्रिप होईल असं वाटतं. पहिल्या वेळी बर्फाच्या लाद्या टाकून पाणी वीसवर आणावं का? आणि एक बारीक गोष्ट: विंडो एसीच्या मागच्या पंख्याची कडी पुढून आलेलं गळतीचं पाणी कंडेन्सरवर उडवते. आता ते पाणी येणारच नाही. मेमध्ये त्याने किती फरक पडेल?

विजेचं थोडक्यात: तापमानाच्या तयार कंट्रोलरचा रिले १० अँपिअरचा असतो, म्हणून कॉम्प्रेसर कॉन्टॅक्टरवर (जड भाराच्या मोठ्या रिलेवर) घेणार, तीन मिनिटांच्या डिलेसह. जुन्या कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधली गळती तांब्यातून थेट पाण्यात उतरू शकते, म्हणून त्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. यात काही कमी असेल तर कृपया स्पष्ट सांगा, इथे भिडस्तपणा नको.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी विचारलं की पाणी कोणतं. दोन्ही लूपमध्ये इन्व्हर्टरला घालतात ते डिस्टिल्ड पाणी, टाकीत त्यात ग्लायकॉल. नर्मदेचं पाणी जड आहे, इथल्या गीझरचं एलिमेंट पाहिलं की कळतं. एकांनी सुचवलं की टाकी ८ अंशांपर्यंत उतरवून पाणी निम्मं करावं. हे आवडलं, कारण खेळ पाचऐवजी दहा अंशांचा झाला तर तीस लिटरही पुरतात. पण मग इव्हॅपोरेटरच्या पट्ट्यांमध्ये, जिथे पाणी हलत नाही, तिथे बर्फ धरण्याची भीती वाटते. टाकीत ढवळण्यासाठी कूलरचा छोटा पंप सोडला तर चालेल ना, की त्याहून जोरदार प्रवाह लागेल? आमच्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, आणि हवा कोरडी आहे तोवर पहिली चाचणी उरकायची आहे. त्यामुळे या एका मुद्द्यावर लवकर उत्तर मिळालं तर फार मदत होईल.