शेतात सापडलेलं तांब्याचं नाणं आणि लोखंडी चंद्रकोर, ओळखायचं कसं?

प्रश्न: वाई तालुका, काळी जमीन. गाडलेली लोखंडी पाइपलाइन शोधायला मेटल डिटेक्टर फिरवला, तर वीतभर खोलीवर दोन वस्तू निघाल्या. एक जाड हिरवट नाणं, ९ ग्रॅम, कडा ओबडधोबड, त्यावर "जा शिव" एवढंच वाचता येतं. दुसरी बोटभर लांब लोखंडी चंद्रकोर, तीन भोकं. नाणं चिंचेने घासू का?

उत्तर १: अजिबात नको! चिंच, लिंबू, पितांबरी, सगळ्यांनी अक्षरंच जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, माती बांबूच्या काडीने काढा. नाणं शिवराई आहे, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. पुढे "श्री राजा शिव", मागे "छत्रपति". ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा म्हणून मजकूर कापला जातो. "छत्र" आणि "पति" यांच्यात दोन आडव्या रेघा दिसल्या तर दुदांडी, म्हणजे बरीच नंतरची. सरसकट शिवकालीन म्हणू नका.

उत्तर २: चंद्रकोर म्हणजे बैलाची पत्री, खुराला ठोकतात तो नाल. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. घोड्याचा नाल अखंड असतो. आकारावरून वय कळत नाही.

उत्तर ३: नाणं वाळल्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत राहिली तर ते क्लोराइड, म्हणजे तांबं खात राहणारा क्षार, पोटॅशचं खत पडलेल्या रानात शक्यता जास्त. कोरड्या डबीत सिलिका जेल घालून ठेवा. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज मिळाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हंडाबिंडा लागला तर खणणं तिथेच थांबवा.