‘सल’, ‘टोचणी’ की ‘अपराधगंड’?

आमच्या वाचनालयात महिन्यातून एक चित्रपट दाखवतो. यावेळी जेनिफर केंट यांचा ‘द बाबाडूक’ आहे, २०१४चा ऑस्ट्रेलियन भयपट. त्याचं पानभर टिपण लिहिताना एका शब्दापाशी अडलोय. अमेलिया बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेली असते, गाडी नवरा चालवत असतो आणि वाटेत अपघातात तो जातो. मुलगा सॅम्युएल त्याच दिवशी जन्मतो. आता तो सात वर्षांचा होत आलाय, पण त्याचा वाढदिवस त्या तारखेला कधी साजरा झालेला नाही. या बाईच्या मनात जे आहे त्याला काय म्हणायचं? ‘अपराधगंड’ लिहिलं होतं, पण ते केसपेपरवरच्या नोंदीसारखं वाटतं. ‘पश्चात्ताप’ लिहावं, तर तिनं केलंय काय?

प्रतिसाद:

पश्चात्ताप नकोच. शब्दातच ‘पश्चात्’ आहे, म्हणजे आधी काहीतरी करून बसलेलं असावं लागतं. ‘अपराधगंड’ हा न्यूनगंड, अहंगंड यांच्या घरातला. लेखात चालतो, घरात कोणी बोलत नाही. ‘रुखरुख’ राहून गेलेल्या गोष्टीची लागते, शेवटची भेट झाली नाही याची. अमेलियाचं याहून अवघड आहे. पोराकडे पाहिलं की नवऱ्याचं मरण आठवतं, पोराचाच राग येतो, आणि आई असून राग येतो याची शरम वाटते. ही ‘टोचणी’. मी हाच शब्द घेईन.

प्रतिसाद:

टोचणी बरोबर आहे, पण मला ‘सल’ जास्त जवळचा वाटतो. मूळ संस्कृत ‘शल्य’, शल्यचिकित्सेतलं तेच. लहानपणी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. आजीनं सुईनं कोरून काढला, तरी टोक आत राहिलंच. वरची कातडी भरून आली, पुढे तिथं कुरूप झालं. बाहेरून काही दिसायचं नाही, पाय दगडावर पडला की जीव कळवळायचा. टोचणीला बोट ठेवता येईल असं कारण असतं. सल आत असतो आणि वरून सगळं भरलेलं दिसतं. अमेलिया नोकरीला जाते, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचं सगळं करते, नवऱ्याच्या वस्तू तळघरात ठेवून दार बंद करते. भरलेली कातडी ती हीच.

प्रतिसाद:

शोकाच्या बाजूनेही एक सुचवतो. आपल्याकडचे शब्द बहुतेक मुदतीचे आहेत. सुतक फिटतं, दुखवटा संपतो. सात वर्षं चाललेल्या दुःखाला त्यातला एकही पुरत नाही. पण एक वाक्प्रचार मात्र चपखल बसतो: अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं, असं आपण म्हणतो. म्हणजे औषध नाही, विश्रांती नाही, तसंच रेटलं आणि ते आत मुरलं. अमेलियानं शोक अंगावर काढलाय. नवऱ्याचं नाव घरात निघू द्यायचं नाही, आणि मग मुलाच्या पुस्तकातून, त्या घडीच्या उभ्या राहणाऱ्या चित्रांतून, काळ्या कोटातलं ते काहीतरी, म्हणजे बाबाडूक, घरात शिरतं.

प्रतिसाद:

‘अंगावर काढणं’ वाचून थांबलोच. शेवटचा प्रसंग पुन्हा पाहिला. मायलेक बागेतली माती उकरून वाडग्यात गांडुळं गोळा करतात. आई एकटी तळघरात उतरते. ते अंधारातून तिच्या अंगावर येतं, ती मागे रेलते पण पळत नाही, लहान मुलाला थोपटावं तशी त्याची समजूत घालते, मग वाडगं अंधारात ओढलं जातं. ते मेलेलं नाही, घर सोडून गेलेलंही नाही. सल निघत नाही, हे इतक्या नेमकेपणानं दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि हे सगळं सुमारे वीस लाख डॉलरमध्ये. सेटसाठी तर तीसेक हजार डॉलर लोकवर्गणीतून उभे केले होते.

टिपणातलं वाक्य आता असं आहे: ‘सात वर्षं अंगावर काढलेला शोक आणि पोराचा राग येतो हा मनातला सल, या दोन गोष्टी या घरात माणसासारख्या वावरतात.’ सल पुल्लिंगी ठेवलाय, आमच्याकडे तसाच बोलतात. ‘मनातली सल’ म्हणणारेही बरेच आहेत. वर ‘मानसशास्त्रीय भयपट’ लिहिलं होतं, ते खोडलं. शास्त्राचा इथं काही संबंध नाही. ‘मनातल्या भीतीचा चित्रपट’ एवढंच ठेवलंय.